ढग कापायच्या आधी

सलीमभाईंचा फोन आला. “रविवारी ढग कापून टाकतो, पंडितजी. पाहाचा असंन तं या.” मी शनिवारचीच गाडी पकडली.

परतवाड्याचे सलीमभाई तसबिरींच्या चौकटी करतात. त्यांच्या आजोबांनी छावणीतल्या साहेबाच्या बंगल्यातून आणलेलं पुरुषभर उंचीचं तैलचित्र दुकानात आहे. राणीच्या काळात इंग्लंडातल्या कुणा बाईनं आपल्याकडच्या एका संस्कृत विरहकाव्याचा अनुवाद वाचून ते रंगवलं. हिंदुस्थान तिनं पाहिला नसावा. साडीच्या निऱ्या पडद्यासारख्या लोंबतात. वीणेचा भोपळा तेवढा हुबेहूब. पण खिडकीतली विरहिणी वर पाहते, आणि वर नुसता ढग: जांभळा, भिजलेला.

अकोल्याला उतरलात तर जठारपेठेत आलूबोंडा-कढी खाऊन घ्या. अकोटमार्गे जाणारी बस पोटाची चौकशी करत नाही. शेअर जीपचं भाडं साधारण तेवढंच, हाडं मात्र ज्याची त्यानं सांभाळायची. कपाशीची ती वाईट वर्षं. रोपं गुडघ्याखालीच थांबलेली, आणि बसमधले सगळे अधूनमधून खिडकीतून वर बघत होते.

“काहून पायता जी इतकं?” पुढची बाई म्हणाली. “आभाळ लाजून राहिलं.”

दुकानात चित्र जमिनीवर आडवं होतं, शेजारी पट्टी आणि सुरी. गिऱ्हाईक आटलं म्हणून सलीमभाई दुकान मोडून अमरावतीला मुलाच्या फ्लॅटात निघालेले.

“फ्लॅटात मोठी भिंत एकच हाय, थे कपाटाले लागन,” ते म्हणाले. “ढग काढला का बाई दारावर मावते. बाई तं पुरी राह्यते न?”

“अन् थे पाहीन काय?” शमीमभाभींनी, म्हणजे त्यांच्या बेगमनी विचारलं. “तुमचा पंखा?”

मी उद्दीपन-विभाव, म्हणजे ढगामुळंच विरह कसा पेटतो ते, समजावला. सलीमभाईंनी आदरानं ऐकलं आणि पट्टी सरळ केली.

भाभी आत गेल्या. कपाट उघडून कपडे बोचक्यात भरू लागल्या. “कपाट माह्या बहिनीले, आपाले, देऊन टाका.”

“तुह्या अब्बाचं हाय थे! लग्नातलं!”

“कपडे बोचक्यात बी राह्यते. ढगाचं सांगा.”

सलीमभाईंनी सुरी मिटली.

अमरावतीपर्यंत टेम्पोच्या मागे मी चौकट धरून बसलो. चित्र आडवं, वर मोकळं आभाळ, आणि ती बाई त्याच्याकडे टक लावून. मला डुलकी लागली की तिला, सांगता येणार नाही.

घरी परतल्यावर खांदा आठवडाभर दुखला. बरा झाला तेव्हा, प्रवासाची खूण गेली म्हणून, जरा वाईटच वाटलं. मग भाभींना फोन केला. त्या पलंगाखालच्या बोचक्यांत ओढणी शोधत होत्या, सापडत नव्हती, आणि सगळा राग माझ्यावर.

“चित्र कसं आहे?”

“हाय न. पाहुना कोनी बी येवो, बसाच्या आदी वर पायते. मंग सलाम.”