पहिल्या पानावरचा बिल्डर

"आजही पहिल्या पानावर बिल्डर नाही?" मी विचारलं.

"पितृपक्ष आहे, मॅडम," जाहिरात विभागाचे साठे म्हणाले. "या पंधरवड्यात फ्लॅट कोण बुक करतं? घटस्थापनेला बघा, अर्धं पान घेईल."

मला पटलं. पनवेलमध्ये कुणालाही पटलं असतं.

नव्वदच्या दशकात मी तिथल्या एका दैनिकाच्या कंपनीत कंपनी सेक्रेटरी होते. म्हणजे कायद्याची कागदपत्रं सांभाळणारी बाई. आमचा पब्लिक इश्यू नुकताच भरला होता. लोकांना शेअर मिळाले होते, पण त्यांची बाजारात खरेदी-विक्री सुरू व्हायची होती. तिला लिस्टिंग म्हणतात. मालकांनी ती हट्टाने नवरात्रात घ्यायला लावली होती. छपाई मशिनवरच्या म्हात्र्यांनी जमिनीच्या मोबदल्याचे पैसे आमच्या शेअरमध्ये घातले होते. लिस्टिंगला विकायचे आणि घरावर स्लॅब टाकायचा, असं त्यांचं ठरलेलं.

घटस्थापना झाली. जाहिरात नाही. "ललिता पंचमीला येईल," साठे म्हणाले. मला काही कळेना. गिऱ्हाईक गेलंय की मुहूर्त शोधतंय? शेवटी मीच सुकापूरच्या साइटवर जाऊन धडकले.

"जाहिरात मी बंदच केली," बिल्डर थंडपणे म्हणाले. "आता हायवेला मोठे बोर्ड लावलेत. गोव्याला निघालेला माणूस बोर्ड बघून थेट आत येतो. तुमच्याकडून कुणी विचारलंही नाही. मला वाटलं, तुम्हाला चालतंय."

पितृपक्षात बुकिंगचा विषय कशाला काढा, म्हणून साठ्यांनी फोनच केला नव्हता.

आमच्या जाहिरातींच्या उत्पन्नात सगळ्यात मोठा वाटा या एकाच माणसाचा. असं गिऱ्हाईक गेलं की लिस्टिंगआधी शेअर बाजाराला कळवायला हवं. मी तसं मालकांना सांगितलं.

"दसऱ्यानंतर कळवू."

"साहेब, त्याआधी लोक शेअर विकत घेतील. त्यांना काय सांगायचं?"

त्यांनी समोरची फाइल मिटली. मग म्हणाले, "पाठवा फॅक्स."

लिस्टिंगच्या दिवशी शेअर इश्यूच्या भावाच्या बराच खाली उघडला आणि तिथेच बसला. विकायला झुंबड, घ्यायला चिटपाखरू नाही. दुपारी म्हात्रे माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले.

"मॅडम, पेपर तर कालच्याएवराच छापला आमी. एक गठ्ठा कमी नाय. मंग भाव कशाला पडला?"

"पेपर लोक वाचतात, म्हात्रे, पण कंपनी जाहिरातीवर चालते."

"मंग शेअर घेताना कुनी सांगितला कसा नाय?"

सांगितलं होतं. प्रॉस्पेक्टसमध्ये, म्हणजे इश्यूच्या माहितीपुस्तिकेत, जोखमीच्या पानावर, बारीक टायपात, इंग्रजीत. तो मजकूर मीच तयार केला होता. मला लाज वाटली की स्वतःचा राग आला, अजून नक्की सांगता येत नाही. त्यांना एवढंच म्हटलं, "चुकलं आमचं."

म्हात्र्यांच्या घरावर त्या वर्षी पत्रेच राहिले.

एकाच मोठ्या जाहिरातदारावर कंपनी चालत असेल, तर तो गप्प का झाला ते पंचांगात बघू नये. त्याला फोन करावा.