जसा होता तसा बेस

आत्याचा मुलगा नोकरीसाठी नोएडाला गेला, तेव्हा त्याने आपला बेस गिटार झाशीतल्या नगरा भागातल्या आमच्या घरी आणून ठेवला. लक्ष्मी गेटजवळच्या त्यांच्या घरात वरच्या खोलीत भाडेकरू येणार होते. "बजाना मत, बस धूप से बचाना," तो मला म्हणाला. दादाला मराठी सगळं कळतं, पण उत्तर तो हिंदीतच देतो. मी मान हलवली. मान हलवली की लोक पुढचं विचारत नाहीत, हे मी शाळेतच शिकले होते.

काही महिने मी खरंच वाजवला नाही. मग वाजवायला लागले. मला गाणाऱ्याच्या मागे उभं राहायला आवडतं, आणि बेस हे मागे उभं राहण्याचंच वाद्य आहे.

पण तो बेस वाईट होता. दादाने हौसेने घेतलेला, म्हणून घरात कुणी तसं म्हणत नसे. तारांखालचे दोन पिकअप, म्हणजे तारांचा कंप पकडणाऱ्या चुंबकाच्या काळ्या पट्ट्या, तारांबरोबर कूलरची आणि ट्यूबलाइटची गुरगुरही पकडायचे. केबल जिथे खोचतात त्या धातूच्या चकतीला मनगट टेकवलं की गुरगुर बरीच खाली बसायची. मी कितीतरी दिवस मनगट वाकडं करून वाजवत होते. शेवटी एका दुपारी मागचं झाकण उघडलं. वाजवायच्या तारा ज्या लोखंडी पट्टीला अडकवतात तिथून आत आलेली एक बारीक तार जागेवरून सुटली होती आणि बाकीच्या तारांमागे दबून पडली होती. तिला सोल्डर केलं, म्हणजे कथील वितळवून जागेवर जोडलं, आणि मनगटाची गरज संपली.

तिथून मी थांबले नाही. मुलांना इंग्रजी शिकवून जे मिळायचं त्यातून नवे पिकअप मागवले, गुरगुर न पकडणारे. मग प्रीॲम्प मागवला. ती एक छोटी सर्किटची पट्टी असते. बेसच्या पोटातच बसते आणि आवाज बाहेर पडण्याआधीच त्याला बळ देते. तिला चौकोनी बॅटरी लागते, आणि बॅटरीला आत जागा नव्हती. मी पटाशी घेऊन पाठीमागे लाकूड कोरलं. कडा जरा वाकड्या आल्या, त्या पॉलिश पेपरने घासल्या. सगळं जोडून सगळ्यात जाड तार छेडली, तर स्टीलच्या कपाटातल्या आईच्या बांगड्या वाजल्या. आई स्वयंपाकघरातून ओरडली, "काय पडलं गं?"

काही पडलं नव्हतं. पहिल्यांदा माझा आवाज या घरात दुसऱ्या खोलीपर्यंत गेला होता.

मी एक व्हिडिओ टाकला, फक्त हातांचा, चेहरा नसलेला. दादाने तो घरच्या ग्रुपवर फिरवला. "ये मेरा वाला है न? क्या साउंड आ रहा है! इस बार गणपती में मैं बजाऊँगा." खाली आत्याने हात जोडल्याच्या चार खुणा टाकल्या. हात माझे होते, हे कुणी लिहिलं नाही. मीही नाही.

गणपतीच्या आदल्या आठवड्यात दादा आणि आत्या आमच्याकडे आले. दादाने बेस मांडीवर घेतला, थोडा वाजवला, "वाह" म्हणाला, आणि उलटा केला.

"ये गड्ढा किसने किया?"

"मी."

"किसी और की चीज़ में गड्ढा करते हैं?"

"विचारायचं तरी गं," आत्या म्हणाली. "मुकी मुलं अशीच. बोलायचं नाही आणि करून मोकळं व्हायचं."

आई चहाचे कप गोळा करत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "देऊन टाक. त्याचाच आहे ना."

"आतले पार्ट माझे आहेत," मी म्हटलं.

दादा हसला. "तो निकाल ले अपने पार्ट! मुझे जैसा था वैसा दे दे."

"जसा होता तसा?"

"हाँ भई, एकदम वैसा."

"बघ, किती मोठं मन आहे," आत्या आईला म्हणाली.

त्याला वाटलं असावं की मला काढता येणार नाही, किंवा मी काढणार नाही. मला आजवर कुणी काही काढून घेताना पाहिलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी झाकण उघडलं. जुने पिकअप मी जपून ठेवले होते, लाडवांच्या रिकाम्या डब्यात, त्यांच्या स्क्रूंसकट. ते परत बसवले. प्रीॲम्प काढला, बॅटरी काढली. शेवटी ती बारीक तार उरली. ती तार काही माझी नव्हती, पण ती जोडणी माझी होती. मी सोल्डरिंग आयर्न तापवलं, तार सोडवली आणि होती तशी बाकीच्या तारांमागे दाबून ठेवली. एकच गोष्ट पूर्वीसारखी करता आली नाही, पाठीवरची ती कोरलेली जागा. ती मी पुसून स्वच्छ केली.

दादा बेस घेऊन गेला, पण मंडळाच्या कार्यक्रमाच्या तालमीला आला नाही. "चार गाने हैं, आँख बंद करके बजा दूँगा," म्हणाला.

मंडळाच्या हॉलमध्ये आपले मराठी लोक जमले होते, झाशीतली जुनी घरं आणि जवळच्या बबीना छावणीतून आलेली फौजी कुटुंबं. दादाने केबल खोचली आणि आरती संपून पंखेसुद्धा ऐकू येतील इतकी शांतता असताना स्पीकरमधून गुर्रर्र सुरू झाली. पुढच्या रांगेतल्या एका बाळाने रडायला घेतलं.

"भैया, आपके गिटार में है," साउंडवाला म्हणाला.

"आपकी लाइन ख़राब है," दादा म्हणाला.

पहिलं गाणं त्या गुरगुरीवरच झालं. ते संपताच दादा स्टेजवरून उतरून सरळ माझ्या खुर्चीपाशी आला. "क्या किया तूने?"

"जैसा था, वैसा."

"ठीक कर इसको. अभी."

घर दहा मिनिटांवर होतं, आयर्न तिथेच टेबलावर होतं. नाहीतर चकतीला मनगट टेकव, एवढं सांगितलं असतं तरी त्याची संध्याकाळ निभावली असती. मी म्हटलं, "करते. मग तो माझ्याकडे राहील."

"ब्लैकमेल कर रही है? सबके सामने?"

"हो."

आसपासचे लोक हातातल्या प्रसादाकडे फार लक्ष देऊन बघू लागले. त्या हॉलमध्ये मी इतकं कधी बोललेच नव्हते. आत्या मागच्या रांगेतून म्हणाली, "गणपतीसमोर हे शोभत नाही हो!" आई माझ्या कोपराला धरून होती, जोराने. मी कोपर सोडवलं नाही आणि शब्दही मागे घेतला नाही.

दादा स्टेजवर परत गेला. साउंडवाल्याने त्याचं बटण पूर्ण खाली ओढलं. गुरगुर गेली, बेसही गेला. पुढची तिन्ही गाणी दादा मान डोलवत, तोंडाने ताल धरत, आवाज नसलेला बेस वाजवत राहिला. शेवटी टाळ्या पडल्या. आत्या शेजारच्या बाईंना म्हणाली, "सवयच गेलेली, तरी बघा कसा वाजवला." त्या बाई म्हणाल्या, "खूपच छान." मी तिथेच बसले होते.

बेस तो नोएडाला घेऊन गेला. डब्यात आता माझे पिकअप आणि प्रीॲम्प आहेत. ते लावायला लाकूड नाही.

दिवाळीनंतर त्याने मला फोटो पाठवला. झाकण उघडलेलं, आतल्या तारा बाहेर ओढलेल्या. बॅटरीच्या खाचेत त्याने चिल्लर ठेवली होती. खाली लिहिलं होतं, "कौन सी तार है?"

मी फोटो मोठा करून पाहिला. ती बारीक तार एका कोपऱ्यात दिसत होती, वाकलेली, मी दाबून ठेवली तशीच. मी लिहिलं, "बेस पाठव."

"पागल है क्या."

थोड्या वेळाने त्याचा आणखी एक फोटो आला. त्याने कुठून तरी आयर्न आणलं होतं आणि एक तार जोडली होती, सोल्डरचा भलामोठा गोळा लावून. "ये वाली?"

ती नव्हती. मी तेही सांगितलं नाही.