सुया झडलेलं लार्च

ज्या झाडावर एकही पान उरलेलं नाही, ते मेलंय असं तुम्ही कशावरून ठरवता? मी नुसतं बघून ठरवलं होतं.

पुण्यात मी एनसीसीत होतो. एमएससीसाठी डब्लिनला आलो, क्लोनडॉकिनमध्ये नोकरीला लागलो आणि पुढे इथल्या राखीव सैन्यात चार वर्षं प्रायव्हेट, म्हणजे साधा शिपाई, होतो. जानेवारीत डब्लिनजवळच्या विकलोच्या डोंगरात सराव होता. मुक्काम जंगलातल्या दगडी झोपडीत. आत एक उघडी फायरप्लेस. साडेसहाला उठायचं, शस्त्रं पुसायची, आठला नकाशा घेऊन निघायचं. त्या दिवशी आमचं सेक्शन, म्हणजे तुकडी, गस्तीवर गेलं. मागे तिघे राहिलो: कॉर्पोरल डेक्लन, तापाने पडलेला केव्हिन आणि मी.

१४०० वाजता डेक्लनने हुकूम दिला. “शेडमधलं ॲशचं वाळलेलं लाकूड आण. दुसरं काही जाळायचं नाही. आणि कुठेही जाताना मला सांगून जा.”

शेडमध्ये ॲशचे चारच ओंडके होते. एनसीसीच्या हिमाचलच्या कॅम्पमध्ये आम्हाला शिकवलं होतं: सुया झडलेला देवदार म्हणजे उभा वाळलेला, तोच तोडा. झोपडीमागे तसंच एक बोडकं झाड होतं. मी ते पाडलं. करवत अडकत होती. तळहाताला चीक लागला. मेलेल्या झाडातून ताजा चीक येत नाही, हे कळायला सैनिक असावं लागत नाही. तरी मी ओंडके फोडले.

ते लार्च होतं. सूचीपर्णी असूनही दर हिवाळ्यात सुया गाळणारं. पूर्ण जिवंत.

ॲशच्या निखाऱ्यांवर ते आधी धुमसलं, मग पेटलं आणि तडतडायला लागलं. एक ठिणगी केव्हिनच्या बुटाजवळ पडली.

“तुमची दिवाळी आली वाटतं,” तो पांघरुणातून म्हणाला.

“झोप तू.”

“अरे, ग्रँड आहे. ऊब तर आली.”

१५२० वाजता आणखी लाकूड कापायला मी मागच्या दाराने बाहेर पडलो. डेक्लन पुढच्या बाजूला रेडिओवर होता. त्याला सांगितलं नाही.

माझ्या मागे एक ठिणगी वाळत घातलेल्या नायलॉनच्या जॅकेटवर पडली आणि झोपडी पेटली. डेक्लनने केव्हिनला ओढत बाहेर आणलं आणि रेडिओवर कळवलं: “झीरो, धिस इज टू-वन. फायर. वन मिसिंग. ओव्हर.” मग तो पुन्हा आत शिरला.

मिसिंग मी होतो. मी झाडीत करवत चालवत होतो.

तिसऱ्या दिवशी भाजलेला डेक्लन हॉस्पिटलमध्ये वारला. अहवालात ‘अपघात’ लिहिलं गेलं, कारण चिकाबद्दल आणि मागच्या दाराबद्दल मी बोललोच नाही. गप्प बसणं हा पळपुटेपणाच आहे. मी तो गणवेशात केला.

दीड महिन्याने एनिस गावी त्याच्या वडिलांकडे गेलो. ते सुतार. सगळं सांगितलं. ते टेबलाच्या लाकडावरून हात फिरवत होते.

“लार्च चांगलं लाकूड आहे, बाळा. पावसात वर्षानुवर्षं टिकतं. बोटी, कुंपणं, फाटकं. सरपण म्हणूनही धग देतं, पण दोन उन्हाळे वाळवून, बंद स्टोव्हमध्ये. उघड्यावर ते ठिणग्या थुंकतं.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “डेक्लनने तुला बजावलं होतं?”

“बजावलं होतं.”

“मग त्याने त्याचं काम केलं.”

दुसऱ्या दिवशी मी खरा जबाब लिहून दिला.

कॉर्पोरल डेक्लन एकोणतीस वर्षांचा होता. एक माणूस कमी दिसला म्हणून तो आत गेला. त्याच्यासाठी एवढं करा: तुम्हाला सरपण देणाऱ्याला आजच विचारा, हे झाड कोणतं आणि ते कधी तोडलं. उत्तर मिळेपर्यंत काडी ओढू नका.