गळा नसलेले स्वेटर

आमच्या मामंजींइतके निरुपयोगी स्वेटर अख्ख्या हिंदुस्थानात दुसऱ्या कुणी विणले नसतील, हे मी छातीठोकपणे सांगते. मुळात सोलापुरात स्वेटर हीच एक चैन. संक्रांतीच्या आसपास आठ-दहा दिवस सकाळी अंगावर काटा येतो, तेवढाच आमचा हिवाळा. बाकी वर्षभर माणूस अंगातलं बनियनसुद्धा काढावं का, या विचारात असतो. अशा गावात हा साठीचा गृहस्थ भर उन्हाळ्यात बाहेरच्या कट्ट्यावर मांडीत लोकरीचा गोळा घेऊन बसायचा आणि जाणारे-येणारे थांबून हसायचे. मी त्यांची थोरली सून. दोष माझाच म्हणायचा, कारण विणायच्या सुया माहेराहून मीच आणल्या होत्या.

मामंजी जन्मभर गिरणीत मागावर होते. रिटायर झाल्यावर पहिला महिना त्यांनी घरातली एकेक चादर उजेडात धरून तिच्यातले दोष काढण्यात घालवला. दुसऱ्या महिन्यात ते आमच्यातले दोष काढू लागले. एकदा मी मुलीसाठी टोपडं विणत बसले होते, तर समोर उभे राहून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "दोन काड्यांचा मागच हाय की ह्यो. आन हिकडं." आता घरात शांतता होईल अशा खुळ्या आशेनं मी सुया देऊन टाकल्या. आठ दिवसांत त्यांचे सुलट-उलट टाके माझ्यापेक्षा सारखे यायला लागले. काम गिरणीच्या वेळेनं चालायचं. सकाळचा भोंगा झाला की सुया हातात, दुपारचा झाला की खाली, आणि मधे कुणी हाक मारली तर "पाळी सुरू हाय" एवढंच उत्तर. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, आतून ओरडायच्या, "अवो, आत तरी बसा की. लोक काय म्हनतील?" लोक काय म्हणायचे ते म्हणून झालेलं होतं.

सगळं ठीक होतं, पण मामंजी टाके कमी करायला तयार नसत. बगलेला आणि गळ्याला टाके घटवावे लागतात, हे मी त्यांना नाना परींनी सांगून पाहिलं. "धागा सोडायचा?" ते डोळे मोठे करून विचारायचे. "तीस वरसं धागा तुटला तर माग थांबवून जोडलाय मी. आन तू मला सोडाय सांगतीस?" रुंदीतला एक धागा जरी कमी झाला तरी त्यांच्या लेखी तो माल खराब. त्यामुळे त्यांचा स्वेटर म्हणजे दोन चौकोन, त्यांना जोडलेल्या दोन नळ्या आणि वर एक चीर. पहिला माझ्या मुलीला घातला, तर तिचं कपाळ तेवढं बाहेर आलं आणि बाकीची पोर आतून बोंबलत राहिली. दुसरा ह्यांच्या उशीला चढवला. तिसरा आत्याबाईंनी ओला करून पाण्याच्या माठाला घातला आणि पाणी खरंच गार राहू लागलं. मामंजी चार दिवस माठातलं पाणी प्याले नाहीत.

खाण्याच्या बाबतीतही त्यांच्यातला गिरणीवाला जागाच असायचा. आत्याबाई कडक भाकऱ्या करायच्या, पापडासारख्या पातळ. मामंजी भाकरी कानाजवळ धरून मोडायचे. आवाज खणखणीत आला तर मान हलवायचे आणि शेंगाची चटणी, वर कच्चं तेल, असं घेऊन जेवायला लागायचे. आवाज दबका आला की विचारायचे, "सुनंनं केली का?" दुष्काळाच्या दिवसांत रेशनवर लाल मिलो, म्हणजे परदेशी ज्वारी, यायची, तिच्या भाकऱ्या काही केल्या कडक व्हायच्या नाहीत. तेव्हाही हा माणूस रोज ती भाकरी कानाशी न्यायचा, मोडायचा आणि घरात कुणी गेल्यासारखं तोंड करून खायचा. मग दोघांचं भांडण व्हायचं. भांडण कानडीत, बाकी सगळं मराठीत, असा आमच्या घरचा रिवाज होता. सुनेला कळू नये म्हणून तो पाडलेला. मला वर्षभरातच सगळं कळायला लागलं होतं, पण मी सांगितलं नाही. ती भांडणं ऐकण्यासारखी असत.

पुढं एका चैत्रात आत्याबाईंना थंडी वाजायला लागली. बाहेर डांबर वितळत होतं आणि आत्याबाई दोन चादरी घेऊन कुडकुडत होत्या. पोटात गाठ निघाली, आणि ती फार वाढलेली होती. डॉक्टरांनी ह्यांना बाजूला घेऊन सांगितलं, घरी न्या, आवडतं ते खाऊ घाला. आवडतं ते खाणं कधीच संपलं होतं. मी गव्हाची हुग्गी करायची, भरपूर गूळ घालून, त्यांना आवडायची तशी. दुसऱ्या चमच्याला त्या हात आडवा धरून "साकु" म्हणायच्या. पुरे. त्या दिवसांत घरातली कानडी एवढ्या एका शब्दावर आली. भांडण करायला दोघांपैकी कुणालाच धीर होत नव्हता. मी चुलीपुढं बसून रडायची आणि पुन्हा हुग्गी करायची, कारण दुसरं काय करावं ते मला सुचत नव्हतं.

मामंजींना मात्र सुचलं. ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, "तिला सवेटर करतो. लोकर आन चांगली, मऊ." मी मनात कपाळाला हात लावला. पण खरी अडचण त्यांना माझ्याआधी कळली होती. आत्याबाईंना हात वर करता येत नव्हता, म्हणजे डोक्यातून घालायचा स्वेटर चालणार नव्हता. पुढून उघडा हवा, गळा मोठा हवा, बगला मोकळ्या हव्यात. ते बराच वेळ लोकर चाचपत राहिले. मग खाली बघत म्हणाले, "सूनबाई, धागा कसा सोडायचा त्ये दाव."

मी दाखवलं. दोन टाके एकत्र घ्यायचे, एकच विणायचा. लहान पोरीला जमतं. मामंजींचा हात तिथं आला की थांबायचा. कपाळावर घाम, बोटं सुईवर घट्ट. कसाबसा एक टाका सोडायचे आणि पुढच्या ओळीत गुपचूप तो परत उचलून घ्यायचे. मी उसवायची, ते पुन्हा विणायचे. त्यात माप टिकेना. पाठ विणून झाली की अंगाला लावून बघावी, तर ती मोठी झालेली असायची. आत्याबाई दर आठवड्याला ओसरत होत्या. तीनदा पाठ उसवली, तीनदा कमी टाक्यांवर धरली. तिसऱ्या वेळी त्या पडल्या पडल्या म्हणाल्या, "बरं हाय की. मी बारीक व्हईन तशी तुमची लोकर उरतीय." आणि हसल्या. मामंजी हसले नाहीत. मला त्या घरातून पळून जावंसं वाटलं, आणि एवढ्यासाठी मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

त्याच दिवसांत मी एक बघितलं. दुपारी जेवायच्या वेळी मामंजी ताट घेऊन त्यांच्या उशाशी बसायचे आणि त्यांच्या कानाजवळ भाकरी मोडायचे. त्या डोळे मिटून ऐकायच्या.

"कशी हाय?"

"सुनंची हाय. पर सुधारलीय."

मला आयुष्यात मिळालेली ती सगळ्यात मोठी शाबासकी. मी भिंतीआड उभी होते.

स्वेटर वैशाखात पूर्ण झाला. फिकट पिवळा, पुढून उघडा, एक बाजू दुसरीपेक्षा बोटभर लांब. गळ्यापाशी टाके एकेक करून सोडत नेलेले, अगदी नीट. आम्ही सगळे घामानं निथळत होतो आणि मामंजी वाकून एकेक बटण लावत होते. आत्याबाईंनी बाहीवरून हात फिरवला, तिची कड उजेडाकडे वळवून बघितली आणि म्हणाल्या, "खोट न्हाय." चार दिवस त्यांनी तो अंगातून काढू दिला नाही. पाचव्या दिवशी सकाळी त्या गेल्या.

आमच्यात माणसाला बसवून मातीत पुरतात. बायकांनी अंघोळ घातली, विभूती लावली, नवं लुगडं नेसवलं आणि स्वेटर घडी करून बाजूला ठेवला. मामंजी दारात उभे होते. ते आत आले, घडी उचलली आणि माझ्या हातात दिली. "घाल."

कुणी तरी म्हातारी म्हणाली, "अवो, वैशाखात सवेटर?"

"वैशाख वर हाय," मामंजी म्हणाले. "खाली माती गार असतीय."

मी बटणं लावली. एकेक नीट लावायला वेळ लागला, आणि ते तेवढा वेळ शेजारी उभे राहिले.

मामंजी पुढं सात-आठ वर्षं जगले आणि विणत राहिले. माझ्या दोन्ही मुलींना, पुतणीला, शेजारच्या पोरांना त्यांनी स्वेटर केले. सगळ्यांचे गळे बरोबर यायचे, बगला बसायच्या, डोकं सहज बाहेर निघायचं. लोक वाखाणायचे, मागून न्यायचे. टाका सोडायची वेळ आली की ते आता थांबतसुद्धा नसत. असा एखादा स्वेटर घडी करून कपाटात ठेवताना मला फार रडू यायचं, आणि मुली विचारायच्या, आई, एवढा चांगला तर झालाय.