शालनवहिनींची बुडी

शेवटचं भेटलो तेव्हा वहिनींच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. सांगलीच्या दवाखान्यातली ती तिसरी की चौथी सकाळ. मी खुर्ची ओढून बसलो आणि उगाच मोठ्या आवाजात विचारलं, "वहिनी, बरं वाटतंय का?" त्यांनी डोळे उघडले, अंगठा आणि पहिलं बोट जुळवून गोल केला आणि माझ्यासमोर धरला. नर्सला वाटलं, काहीतरी मागताहेत. मला मात्र हसू आलं... आणि लगेच रडूही. पाण्याखाली 'सगळं ठीक' असं सांगायची ती खूण. दुसऱ्या दिवशी दुपारी संदीपचा, त्यांच्या मुलाचा, फोन आला. त्याला आता दीड महिना होईल. भेटायला येणारा प्रत्येक जण त्यांच्या कष्टांविषयी बोलतो. कष्ट तर त्यांनी केलेच. पण मला आठवते ती त्यांची जीत, आणि आज तीच सांगायची आहे.

शालनवहिनी माझ्या थोरल्या भावाच्या पत्नी. माहेर कोरेगावचं, तिथंच लहानपणी पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेल्या. दादा फौजेत, वर्षातून दोन महिने घरी. मी सांगलीत मास्तर. शनिवारी गावी, कुंडलला यायचं, उसाकडे बघून चार सल्ले द्यायचे आणि रविवारी एसटी धरायची. शेत खरं वहिनींचंच. विहिरीत मोटारीच्या पाइपाला तळाशी जी जाळीची झडप असते, तिला आमच्याकडे फुटबॉल म्हणतात. त्यात पाला अडकला की मोटार नुसती घुमते, पाणी येत नाही. मग कुणीतरी बुडी मारून तो साफ करायचा. एका उन्हाळ्यात बुडी मारणारा गडी 'उद्या येतो' म्हणत चार दिवस फिरकला नाही. ऊस माना टाकू लागला. पाचव्या दिवशी वहिनींनी कासोटा घट्ट केला, विहिरीला नारळ दिला आणि उडी टाकली. आमची आई काठावर देवाचं नाव घेत बसली. वहिनी वर आल्या त्या मूठभर पाला आणि एक मेलेली धामण घेऊन. तेव्हापासून आसपास कुणाचाही फुटबॉल अडकला की बोलावणं आमच्या घरी येई. वहिनी श्वास इतका वेळ दाबून धरत की काठावरची माणसं बोलायची थांबत.

एकदा मी म्हणालो, "वहिनी, पाण्याखालचं सगळं तुम्हाला पाठ झालं असेल." त्या केस पिळत होत्या. "कशाचं भाऊजी? खाली गाळ आन् काळामिट्ट अंधार. डोळं मिटून हातानं चाचपायचं. इतकी वर्सं पाण्यात गेली, पर पाण्यातलं कायबी बघितलं न्हाई." मी ते विसरून गेलो. त्या विसरल्या नव्हत्या.

दादा गेल्यावर दोन वर्षांनी संदीपची बदली पोर्ट ब्लेअरला झाली. त्याचं खातंही फौजेचंच. त्यानं आम्हा दोघांना बोलावलं आणि मोबाइलवर समुद्राखालच्या प्रवाळांचे फोटो पाठवले. वहिनींनी विचारलं, "हितं माणसं जात्यात व्हय?" जातात, म्हटल्यावर विषय संपला. डॉक्टरांचा दाखला लागतो हे कळताच त्या गुपचूप साताऱ्याला जाऊन छाती तपासून आल्या. मला कळलं तेव्हा मी वैतागलो, वयाची आठवण करून दिली. त्या शांतपणे म्हणाल्या, "तुमी काठावर बसा भाऊजी. तुमाला त्याची सवय हाय."

बेटावर आमचा मुक्काम तीन दिवसांचा. शिकवणारी रीना नावाची तिथलीच मुलगी, हिंदी बोलणारी. अंगाला चिकटणारा काळा पोशाख बघून मीच लाजलो, वहिनी म्हणाल्या, "खाली मासंच हायती की बघायला." पण अडलं भलतीकडेच. कमरेएवढ्या पाण्यात रीनानं त्यांच्या तोंडात नळी दिली, पाठीवर हवेची टाकी होती, आणि वहिनी खाली गेल्या. एक बुडबुडा वर येईना. रीनानं घाईनं वर काढलं. "मौसी, साँस मत रोको!" श्वास कोंडून वर आलं तर छातीतली हवा फुगते, फुफ्फुस फाटू शकतं, म्हणून तिथला पहिला नियम हाच. आणि वहिनींचा जन्मभराचा नियम नेमका उलटा. पाणी डोक्यावर आलं की छाती आपोआप बंद व्हायची. दहादा खाली गेल्या, दहादा तेच. दुसऱ्या दिवशीही तेच. रीना म्हणाली, उद्या सकाळी शेवटचं. नाही जमलं तर खोल पाण्यात नेणार नाही. खरं सांगतो, मला बरं वाटलं. वहिनी मात्र जेवल्या नाहीत. "इतक्या जवळ येऊन आंधळंच परत जायाचं व्हय?" एवढंच बोलल्या.

तिसऱ्या सकाळी किनाऱ्यावरच्या टपरीत चहा सांगितला. लाकडं ओली, धूर भरलेला, टपरीवालीचे डोळे लाल झालेले. वहिनींनी तिच्या हातातली फुंकणी घेतली आणि चुलीशी बसून फुंकू लागल्या. लांब फुंकर, मग श्वास, पुन्हा लांब फुंकर. जाळ धरला तरी थांबेनात. मी म्हटलं, "वहिनी, चहा झाला." त्या वळल्या तेव्हा चेहरा वेगळाच होता. "भाऊजी, गवसलं. ती नळी न्हाई, फुंकणी हाय. फुकत ऱ्हायचं. श्वास त्याचा त्यो येतोय, कोंडायला सवडच न्हाई."

तासाभरात मी होडीत, आणि त्या पाण्याखाली. रीनाची खात्री पटली होती, माझी नव्हती. होडीची कड धरून मी पाण्याकडे बघत बसलो. बुडबुड्यांचा एक घोस वर आला, मग थोडं थांबून दुसरा, मग तिसरा... अगदी चुलीपाशी ऐकलेल्या ठेक्यात. इतकं सुंदर मी काही बघितलेलं नाही. अर्ध्या तासानं त्या वर आल्या, नळी काढली आणि होडीला हात घालून म्हणाल्या, "भाऊजी, खाली उजेड हाय." मग रडल्या आणि हसल्या, दोन्ही एकदमच. माशांचे रंग, प्रवाळांचे आकार, ते सगळं त्यांनी नंतर गावभर सांगितलं. होडीपाशी फक्त एवढंच.

रीनानं तिचा जुना, पाण्यात बघायचा चष्मा त्यांना दिला. तो मोटारीच्या खोलीत फ्यूजशेजारच्या खिळ्याला लटकू लागला. पुढच्या उन्हाळ्यात पाणी निवळलं तेव्हा वहिनी तो लावून आपल्याच विहिरीत उतरल्या आणि फुटबॉलला जुन्या पिवळ्या लुगड्याचा काठ बांधून आल्या, वरून दिसावा म्हणून. मला म्हणायच्या, "आवं, नुसतं तोंड तरी घाला पाण्यात." मी दरवेळी 'उद्या' म्हणायचो. त्या बुडी मारणाऱ्या गड्याला मी कितीदा नावं ठेवली होती...

गेल्या आठवड्यात मोटार पुन्हा नुसतीच घुमली. रजेवर आलेला संदीप माणूस बघायला गावात गेला. मी खिळ्यावरचा चष्मा काढला, विहिरीच्या शेवटच्या पायरीवर पालथा पडलो आणि तोंड पाण्यात घातलं. छाती घट्ट मिटली. मग फुंकणी आठवली. फुंकर घातली, बुडबुडे कानाजवळून वर गेले, आणि मी डोळे उघडले. ऊन तिरपं आत उतरलं होतं. पाणी हिरवं. पाइप सरळ खाली गेलेला, आणि त्याच्या टोकाशी तो पिवळा काठ सावकाश हलत होता.

"काका! काय करताय?" वरून संदीप ओरडला. कधी परतला होता कोण जाणे.

मी डोकं वर काढलं. "तुझी आई खरं सांगत होती रं. खाली उजेड हाय."