शिडाच्या होडीतले साडू

कचेरीत दिवसभर सरळ रेषा ओढायच्या आणि कचेरीबाहेर पडल्यावर एकही पाऊल सरळ टाकायचं नाही, असा नेम पाळणारा माझ्या साडूंसारखा दुसरा माणूस अख्ख्या रायगड जिल्ह्यात झाला नसेल. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मी त्यांना अण्णा म्हणतो आणि मेहुणीला माई. नव्या शहराची आखणी करणाऱ्या सरकारी कचेरीत अण्णा नकाशे काढायचे. पण संध्याकाळी पनवेलच्या बाजारात भाजीला निघाले, की रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत तिरके जायचे, तिथे टाचेवर गर्रकन वळायचे आणि पुन्हा तिरके या कडेला यायचे. नवख्याला वाटावं, गृहस्थ पिऊन आलेत. वास्तविक त्यांनी जन्मात सोलकढीपेक्षा कडक काही घेतलेलं नव्हतं. एकदा एका स्कूटरवाल्यानं करकचून ब्रेक मारून "काका, सरळ चाला की!" म्हटलं, तर अण्णा त्याची समजूत घालत म्हणाले, "वारा समोरून आहे ना! समोरच्या वाऱ्यात सरळ जाता येत नसतं." स्कूटरवाल्यानं मागे बसलेल्या बायकोकडे पाहिलं. ती हळूच म्हणाली, "चला हो तुम्ही."

हे सगळं शिडाच्या होडीचं वेड. मुंबईला कधीतरी रस्त्याच्या कडेला मांडलेल्या जुन्या पुस्तकांत त्यांना होडी हाकण्यावरचं एक इंग्रजी पुस्तक मिळालं होतं. त्याची पहिली काही पानं उंदरांनी खाल्ली होती. त्यामुळे होडीत बसायचं कसं हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही, पण वादळात काय करायचं ते तोंडपाठ होतं. सकाळी उठल्यावर बोट ओलं करून ते गॅलरीतून बाहेर धरायचे आणि वाऱ्याची दिशा जाहीर करायचे. मग चहा. पुस्तकातल्या गाठींनी तर त्यांनी घरात हैदोस घातला होता. पिठाची पिशवी, पेपरची रद्दी, माझ्या मुलीची वेणी, काही म्हणून त्यांच्या हातून सुटायचं नाही, आणि त्यांनी बांधलेलं दुसऱ्या कुणाच्या हातून सुटायचं नाही. आमच्या एका भाचीच्या लग्नात नवरानवरीच्या उपरण्याशेल्याची गाठ सारखी सैल होत होती. "सरका, मी बघतो," म्हणून अण्णा पुढे झाले. सप्तपदी झाली, जेवणं झाली, आहेर झाले, पण ती गाठ काही सुटेना. नवरामुलगा नैसर्गिक कारणासाठी उठू पाहत होता आणि नवरीला त्याच्यामागोमाग दारापर्यंत जावं लागत होतं. शेवटी वरमाईनं कात्री मागवली. त्या जोडप्याचा संसार पुढे दृष्ट लागण्यासारखा झाला आणि अण्णांनी त्याचं श्रेय कधीही पत्रिकेला दिलं नाही.

एवढं सगळं करणारा हा माणूस स्वतः होडीत कधी बसलेला नव्हता. मी एकदा न राहवून विचारलं, "अण्णा, हे कशासाठी?" ते नेहमीसारखे हसले नाहीत. म्हणाले, "पनवेलच्या खाडीला गेली कित्येक वर्षं मी निळी शाई भरतोय. आणि हल्ली तीच शाई ब्लेडनं खरवडतोय. कुठेतरी भराव पडतो, साहेब म्हणतात, इथलं पाणी काढा, जमीन दाखवा. सगळी खरवडून व्हायच्या आत मला एकदा तिच्यावरून जाऊन यायचंय."

त्या सुमारास कोळीवाड्यातल्या एकानं इंजिनाची नवी होडी घेतली आणि त्याची जुनी लाकडी होडी बंदरावर पालथी पडली होती. अण्णांनी ती घेतली. देताना कोळी म्हणाला, "होडी चांगली हाय, अण्णा. पन तुमी एकटं जाव नका."

"एकटा कशाला? बायको आहे ना बरोबर!"

"मंग तिला ईचारलं हाय का?"

विचारलेलं नव्हतं. संध्याकाळी विचारलं. माई भेंडी चिरत होत्या. त्यांना पोहता येत नव्हतं. पाण्याशी त्यांचा संबंध बादलीपुरता. मी आणि आमची ही तिथेच बसलो होतो आणि आता काय ऐकायला मिळतंय म्हणून श्वास रोखून होतो. माईंनी हातातली भेंडी संपवली आणि म्हणाल्या, "लग्न झालं तेव्हा मला माथेरानला नेणार होतात. ते गच्चीतून दिसतं म्हणून नेलं नाहीत. आता खाडी तर खाडी. पण जेवणाचं मी बघणार, आणि शीडही मीच शिवणार. तुमच्या हातची गाठ नको त्याला."

मांजरपाटाचं ते शीड माईंच्या मशीनवर शिवलं जात होतं तेव्हा त्यांच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. एक टोक मशीनखाली, दुसरं स्वयंपाकघरात, आणि उरलेलं गॅलरीतून खाली लोंबत असल्यामुळे खालच्या मजल्यावरच्या बाईंना दिवसा दिवा लावावा लागायचा. पोहता येत नाही यावर उपाय म्हणून अण्णांनी ट्रकच्या टायरची एक ट्यूब फुगवून आणली. माई तीत अशा बसल्या, जशी एखादी सवाष्ण चौरंगावर बसते. "बसायला बरी आहे हो," एवढंच म्हणाल्या.

मे महिन्याच्या सुट्टीत एका सकाळी, ओहोटी लागल्याबरोबर, दोघं पनवेलच्या बंदरातून निघाली. खाडीतून बाहेर पडायचं, न्हाव्याच्या बाजूनं घारापुरीच्या बेटावर जायचं, तिथे मुक्काम करायचा आणि भरतीबरोबर परत यायचं, असा बेत होता. आम्ही निरोपाला गेलो होतो. अण्णांनी डोक्याला सोलापुरी टॉवेल बांधला होता. माईंच्या बरोबर स्टोव्ह, दोन पातेली, चिवड्याचा डबा आणि कैरीचं पन्हं होतं. बघ्यांपैकी कोणी म्हणालं, "काकी, सांभाळून." माईंनी हात हलवला, पण डोळे मिटलेलेच होते.

पुढचं मी दोघांकडून वेगवेगळं ऐकलं आहे. ज्याबद्दल दोघांचं एकमत आहे तेवढंच सांगतो. पहिला काही वेळ मोठा मजेचा गेला. दोन्ही बाजूंना तिवरांची हिरवी गर्दी, त्यांत बगळे, आणि रेती भरून पाण्याला टेकलेले बार्ज धडधडत येत होते. प्रत्येक बार्जवरचे लोक शीड पाहून ओरडायचे, अण्णा सलाम ठोकायचे, आणि सलाम ठोकताना सुकाणू सुटलं की होडी तिवरांत घुसायची. उरणच्या रस्त्याचा पूल आला तेव्हा डोलकाठी आडवी करावी लागली. ती माईंच्या ट्यूबवर पडली, ट्यूब फुस्स झाली आणि माईंनी पहिल्यांदा डोळे उघडले. "आता मिटून काय उपयोग?" असं त्या मला नंतर म्हणाल्या.

खाडी संपून मोठं पाणी लागलं आणि तिथे वारा पडला. शीड ओल्या चादरीसारखं लोंबू लागलं. न्हावा-शेव्याचं नवं बंदर तेव्हा नुकतंच चालू झालेलं होतं आणि मोठी जहाजं ज्या वाटेनं आत यायची ती वाट दाखवणाऱ्या बोया पाण्यावर तरंगत होत्या. ओहोटीचं पाणी होडीला सावकाश त्या वाटेच्या मधोमध घेऊन गेलं. आणि समोरून जहाज आलं. माई सांगतात, आधी त्यांना वाटलं की पलीकडच्या किनाऱ्यावरची इमारतच हलते आहे. मग त्या इमारतीनं भोंगा वाजवला आणि पातेल्यांची झाकणं थरथरली.

अण्णा उठून उभे राहिले. "घाबरू नकोस," ते म्हणाले. "नियम आहे. यंत्राच्या बोटीनं शिडाच्या बोटीला वाट द्यायची. पुस्तकात स्पष्ट लिहिलंय." आणि त्यांनी टॉवेल सोडून जहाजाला बाजूला होण्याची खूण केली.

भोंगा पुन्हा वाजला.

"अहो," माई म्हणाल्या, "त्यांनी तेच पुस्तक वाचलंय का?"

अण्णा टॉवेल हलवतच राहिले. हा माणूस नियमावर विसंबून नाही, तो जागच्या जागी थिजला आहे, हे माईंच्या तेव्हा लक्षात आलं. आयुष्यात पाण्यात पाऊल न घातलेल्या त्या बाईनं पदर खोचला, तळातलं वल्हं ओढून काढलं आणि दुसरं नवऱ्याच्या हातात कोंबलं. "बसा खाली! मारा!" असं त्या ओरडल्या. अगं-अहोपलीकडे आवाज न गेलेल्या त्या घरात हा आवाज पूर्वी कधी निघाला नव्हता. अण्णा बसले. दोघं शेजारीशेजारी वल्ही मारू लागली. पण माईंच्या हातात जोर जास्त, त्यामुळे होडी जागच्या जागी गोल फिरायला लागली. एका फेरीत जहाज समोर दिसे, दुसऱ्या फेरीत घारापुरी. "जोरात मारा हो तुम्ही! मी कमी करते!" माई ओरडल्या, आणि मग कशीतरी दोघांची लय जुळली. बोया मागे पडल्या. जहाज पलीकडून गेलं. ती लोखंडाची भिंत बराच वेळ संपतच नव्हती. अगदी वरून, कठड्यावर वाकून, मुंगीएवढ्या एका खलाशानं हात हलवला. पाठोपाठ जहाजाच्या लाटा आल्या, होडी पाळण्यासारखी वर गेली, खाली आली, चिवड्याचा डबा उघडला आणि सगळा चिवडा अण्णांच्या डोक्यावर पडला.

अण्णांचं तोंड पांढरंफटक झालं होतं. कपाळावर शेंगदाणे आणि कढीपत्ता. ते म्हणाले, "चुकलं माझं. तुला उगीच आणलं. वारा आला की परत फिरू."

माईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांना हसू फुटलं. आधी पदराआड, मग उघडं, मग पोट धरून. अण्णा म्हणतात, लग्नानंतर पहिल्या वर्षी त्या अशा हसायच्या. नंतर संसारात ते हसू कुठे गेलं ते त्यांना कळलं नव्हतं आणि शोधायचं सुचलंही नव्हतं. डोळे पुसत माई म्हणाल्या, "परत कशाला? घारापुरी समोर दिसतेय. नाहीतर माथेरानसारखं, दिसतंय म्हणून राहून जाईल! चला पुढे."

दुपारचा वारा आला आणि ते पुढे गेले. घारापुरीतल्या एका घरानं त्यांना ओटीवर जागा दिली, माईंनी त्या घरच्या सुनेला शेवयांची खीर शिकवली आणि तिच्याकडून बोंबलाचं कालवण शिकून घेतलं. एका दिवसाचा मुक्काम वाढत गेला. रोज सकाळी दोघं होडी घेऊन बाहेर पडायची, आणि जहाजांच्या वाटेपासून चांगलं लांब थांबून कुठल्या देशाचं जहाज असेल यावर वाद घालायची.

इकडे पनवेलला आमचा जीव टांगणीला लागला होता. ठरलेला दिवस उलटला तशी आमच्या हिनं देव पाण्यात ठेवले. मी रोज भरतीच्या वेळी बंदरावर जाऊन बसायचो. एका सकाळी, भरती निम्मी ओसरल्यावर, वळणावर मांजरपाटाचं शीड दिसलं. मी धावत जाऊन हिला घेऊन आलो. सुकाणूवर माई बसल्या होत्या. कोळशासारख्या काळ्या, डोक्याला सोलापुरी टॉवेल. अण्णा पुढे बसून लसूण सोलत होते. होडी झोकात आली, हाका ऐकू येतील इतकी जवळ आली, आणि चिखलात रुतून बसली. पाणी भराभर ओसरलं. अलीकडे आम्ही, पलीकडे ते, आणि मध्ये कंबरभर चिखल.

"ताई, बरी आहेस ना गं?" आमची ही रडत ओरडली.

"मला काय धाड भरलीय!" तिकडून उत्तर आलं. "संध्याकाळची भरती येईपर्यंत इथंच आहोत. भात टाकलाय. तुम्ही जेवलात का?"

संपूर्ण दुपार आम्ही चिखलापलीकडून गप्पा मारल्या. बंदरावर ही गर्दी जमली. जहाजाची हकिगत माईंनी हातवारे करून सांगितली आणि मागाहून आलेल्यांसाठी पुन्हा पहिल्यापासून सांगितली. नियमाची गोष्ट आली की अण्णा सर्वांत मोठ्यानं हसायचे. ऊन उतरल्यावर पाणी आलं, होडी हलकेच उचलली गेली, आणि धक्क्याला लागताच आमच्या हिनं बहिणीला असं घट्ट धरलं की दोघी पाण्यात पडता पडता वाचल्या.

पुढे बरेच उन्हाळे हा क्रम चालला. मग जहाजांची ये-जा वाढली, लहान होड्यांना तिकडे फिरकू देईनात, खाडीचं तोंडही गाळानं भरत चाललं. अण्णा निवृत्त झाले. गुडघे कुरकुरू लागले. त्यांची मुलगी नाशिकला असते; तिनं आग्रहानं दोघांना तिकडे बोलावलं. होडी ते उरणच्या एका ओळखीच्या माणसाला देऊन आले.

एस. टी. स्टँडवर सोडायला गेलो होतो. सामान चढवून झालं. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "तिकडे करमेल तुम्हाला. नदी आहे मोठी." अण्णांनी मान हलवली. माई खिडकीतून म्हणाल्या, "आहे की. पण तिच्यातून जहाज येत नाही म्हणे कधी."

गाडी गेली. मी घरी जायचा तो पाय वळले म्हणून बंदराकडे गेलो. भरती पूर्ण झाली होती. पाणी अगदी काठोकाठ चढलं होतं, आणि त्याच्यावर काहीच नव्हतं.