गुरप्पाच्या दारात पार्किंग

भूकंपानंतर आमचं गाव नव्या जागी वसवलं, तवापासून ते बघायला पाव्हणे येऊनच राहिलेत. येतात, फोटो काढतात, जेवतात, जातात. मागं राहतात ते किस्से. कडब्यागत रचून ठेवलेत म्या.

या खेपेला दोन गाड्या भरून मंडळी आली. जुन्या गावच्या पडीक जागेवर म्हणे स्मृतिबाग करायची. मोठ्या सायबाच्या नकाशात पार्किंग नेमकं गुरप्पाच्या जुन्या घरावर. गुरप्पा माझा लहानपणचा दोस्त. त्याची बायको काशी भूकंपात त्याच घरात गेली. आता तिथं जोत्याचे दगड तेवढे हायत. दर सोमवारी तो ते झाडून येतो.

"तेवढी जागा सोडा," तो म्हणला.

"बघू," सायेब म्हणला. सायबाचं 'बघू' आम्हाला मालूम हाय.

* * *

आधी त्यांना आमची गोल घरं दाखवली. कुण्या संस्थेनं बांधून दिलेली, अंड्यावानी. कितीबी हादरे बसू द्या, पडणार न्हाईत म्हणे. खरंय. आत कडबा लई छान राहतो.

एका पोरीनं माझ्या बायकोला इचारलं, "आजी, यात राहायला काय अडचण होती?"

"कोपराच न्हाई, माय. रुसावं तर बसावं कुठं?"

पोरगी हसली. हसायला काय जातंय. बायको रुसली की थेट हदगावची एसटी धरायची, माहेरची.

* * *

एक चित्रकार मॅडम होत्या. समाजमंदिराच्या भिंतीवर दिवसभर राबून त्यांनी वरपासून खालपर्यंत भेग रंगवली. सोनेरी.

"जखमेतून उजेड येतो, काका," मला म्हणल्या. म्या म्हणलं, येत असंल.

त्या जेवायला गेल्या आणि आमचा नामदेव गवंडी तिथून चालला. नजर अधू झालीय त्याची, पण भेग दिसली की या गावात कुणाला चैन पडत न्हाई. मॅडम परत आल्या तर भेगेवर सिमेंटचा पट्टा, वर गुळगुळीत हात फिरवलेला.

"मजुरी नको, बाई," नामदेव म्हणला. "फक्त तीन दिस पाणी मारा."

* * *

बागेत एक खोली करणार हायत. बटण दाबलं की हलणारी. लोकांना भूकंप कळावा म्हणून. सायेब गुरप्पाला म्हणला, "काका, तयार झाली की तुम्ही आधी बसून बघा. खरं वाटतंय का सांगा."

"एकदा बसलोय," गुरप्पा म्हणला.

* * *

निघायच्या दिवशी सकाळी सायेब चुन्याच्या फक्कीची पिशवी घेऊन पार्किंग आखायला जुन्या गावात आला. गुरप्पा आधीच जोत्यावर बसलेला. नामदेव आणि म्या बाजूला. मला वाटलं, हा आता काठी उचलतोय.

तो उठला. पटका नीट केला.

"सायेब, येताय तर दारातून या. भिंतीवरून काय येताय?"

सायबानं इकडं तिकडं बघितलं. "दार कुठंय?"

गुरप्पानं दोन दगडांमधल्या मोकळ्या जागेकडं हात केला. सायेब वळसा घालून तिथं आला.

"डोकं सांभाळा," गुरप्पा म्हणला. "चौकट बुटकी हाय. येईल त्याला काशी हेच सांगायची."

सायेब चांगला ताडमाड. त्यानं मग पिशवी बाहेर ठेवली, बूट काढले, आणि वाकून आत आला.